मखमलीचा तुकडा

कापडाच्या दुकानात मखमलीचा तागा दिसला की त्यावरून हात फिरवल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. सरळ फिरवला तर रंग गडद, उलटा फिरवला तर फिका. लग्नसराईत परकर-पोलक्यासाठी, गणपतीत मखरासाठी आपण मखमल घेतो. मी मात्र बरीच वर्षं ती घेत होते जंतूंसाठी. तालुक्याच्या गावी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते, आणि दर वर्षी टी. वाय.च्या प्रॅक्टिकलला अर्धा मीटर पांढरी मखमल लागायची. काउंटरवरच्या भाऊंना ठाऊक झालं होतं. आले मॅडम जंतूंचं कापड न्यायला, असं म्हणून ते तागा उलगडायचे.

या प्रॅक्टिकलच्या पुस्तकात कंसात दोन नावं असायची. लेडरबर्ग आणि लेडरबर्ग, १९५२. खरं सांगते मैत्रिणींनो, कितीतरी दिवस मला वाटायचं हे दोघे भाऊ असतील. पुढे कधीतरी कळलं की पहिला लेडरबर्ग जोशुआ, आणि दुसरी त्याची बायको, एस्थर. जोशुआला नोबेल मिळालं. एस्थरला पुस्तकात आडनाव मिळालं, तेही नवऱ्याचं. तेव्हापासून मी तिच्याविषयी मिळेल ते वाचत आले. आज तिचीच गोष्ट सांगायची आहे.

एस्थर मिरियम झिमर हे तिचं माहेरचं नाव. जन्म १८ डिसेंबर १९२२, न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात. घर सनातनी ज्यू वळणाचं. वडिलांचं छापखान्याचं छोटंसं दुकान. ती सात वर्षांची होते न होते तोच अमेरिकेत महामंदी आली आणि घरोघरी चुली थंडावल्या. दुपारचं जेवण म्हणजे पुष्कळदा पावाचा तुकडा आणि त्यावर पिळलेला टोमॅटोचा रस. बस, एवढंच.

तिच्या आजोबांची एक गंमत आहे. नातवांना हिब्रू शिकवावं अशी त्यांची फार इच्छा होती. पण मुलगे काही दाद देईनात. मग नात पुढे आली. ती इतकी पटकन शिकली की पासओव्हरच्या सणाला, म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची आठवण म्हणून जो सण ज्यू लोक पाळतात आणि आपल्या कोकणातले बेने इस्राएलही पाळतात, त्या सणाला घरात पोथी वाचायचा मान या मुलीकडे आला. वंशाचे दिवे बाजूला राहिले आणि वाचायला बसली ती. आपल्याकडच्या घरांतूनही अशी एखादी नात असतेच, नाही का?

पंधराव्या-सोळाव्या वर्षी शाळा संपवून तिने हंटर कॉलेजात प्रवेश घेतला. तेव्हा हे मुलींचं कॉलेज होतं. आधी तिच्या डोक्यात फ्रेंच किंवा साहित्य घ्यायचं होतं. मग तिने विचार बदलून जीवरसायनशास्त्र घेतलं, तर शिक्षकांनीच तिला परावृत्त करायचा प्रयत्न केला. बाईमाणसाला या विषयात पुढे वाव मिळणं कठीण, हे त्यांचं कारण. त्यात वाईट हेतू नसावा. पुढे जे घडलं ते पाहता त्यांचं अगदीच चुकलं होतं असंही म्हणवत नाही. एस्थरने ऐकलं नाही. १९४२ साली चांगल्या गुणांनी पदवी घेऊन बाहेर पडली.

शिकत असतानाच न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये ती पावावर येणाऱ्या एका बुरशीवर काम करत होती. आपण पावाला बुरशी आली की नाक मुरडून फेकून देतो. पण अनुवंशशास्त्रात त्या काळी ही बुरशी फार मोलाची होती. त्याच जोरावर १९४४ मध्ये तिला कॅलिफोर्नियाच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची फेलोशिप मिळाली आणि एकटी पोरगी अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली.

स्टॅनफर्डला एडवर्ड टेटम नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. तिने त्यांना म्हटलं, मला अनुवंशशास्त्र शिकवा. त्यांना काही हिच्याबद्दल खात्री वाटेना. त्यांनी फळमाशांनी भरलेली एक बाटली पुढे ठेवली. त्यातल्या एका माशीच्या डोळ्यांचा रंग बाकीच्यांहून वेगळा होता. तो का, ते शोधून काढ म्हणाले. तिने काढलं. मग टेटमनी तिला आपली शिकवण्यातली मदतनीस करून घेतलं.

पैशांची ओढाताण मात्र होतीच. खोलीचं भाडं परवडत नव्हतं म्हणून ती घरमालकिणीचे कपडे धुऊन द्यायची. कधी कधी प्रयोगशाळेत चिरफाड करून झालेल्या बेडकांच्या मांड्या शिजवून खायची. ईऽऽ म्हणू नका. पोट रिकामं असलं की सगळं चालतं. १९४६ मध्ये तिने एम. ए. केलं, आणि त्याच वर्षी १३ डिसेंबरला जोशुआ लेडरबर्गशी लग्न केलं. तो तिच्याहून अडीच वर्षांनी लहान. पण काय विलक्षण बुद्धीचा! जिवाणूंमध्येही गुणधर्मांची देवाणघेवाण होते, हे त्याने विशी ओलांडता ओलांडताच टेटमबरोबर सिद्ध करून दाखवलं होतं. तोपर्यंत सगळे समजत होते की जिवाणू म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार, बस. आई तशी लेक.

१९४७ मध्ये जोशुआला विस्कॉन्सिन विद्यापीठात नोकरी मिळाली. बावीस वर्षांचा सहायक प्राध्यापक! एस्थर त्याच्याबरोबर गेली आणि तिथेच तिने पीएच. डी.चं काम सुरू केलं. १९५० मध्ये डॉक्टरेट मिळाली. पुढची आठ-नऊ वर्षं दोघांनी एकाच प्रयोगशाळेत काढली. माझ्या मते एस्थरच्या आयुष्यातली ही सगळ्यात भरघोस वर्षं. तिथे तिने तीन कामं केली, आणि त्यातलं एकेक काम एखाद्याला जन्मभर पुरावं असं आहे.

पहिलं काम एका लपून बसलेल्या विषाणूचं. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जिवाणू असतात. बहुतेक निरुपद्रवी, आपल्याबरोबर सुखाने राहणारे. त्यांचा के-१२ नावाचा एक वाण १९२२ पासून प्रयोगशाळांमधून वाढवला जात होता. म्हणजे एस्थर आणि तो वाण एकाच वयाचे. शेकडो जणांनी तो हाताळला, पण त्याच्या पोटात एक विषाणू झोपलेला आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एस्थरने एकदा अतिनील किरणांतून वाचलेले काही जिवाणू मूळ वाणाबरोबर वाढवले, तर थर उंदराने कुरतडल्यासारखा दिसायला लागला. दुसऱ्या कुणी बशी खराब झाली म्हणून टाकून दिली असती. हिने मागोवा घेतला. विषाणू जिवाणूच्या डीएनएत जाऊन गुपचूप बसतो, पिढ्यान् पिढ्या त्याच्याबरोबर वाढतो आणि वेळ आली की बाहेर पडतो. त्याला तिने लॅम्डा हे ग्रीक अक्षर दिलं. १९५१ मध्ये ही बातमी प्रसिद्ध झाली. आज जगात कुठेही जीवशास्त्राच्या वर्गात जा, लॅम्डा शिकवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरं काम मला सगळ्यात जवळचं. ते समजावं म्हणून आधी आपल्या स्वयंपाकघरात जाऊ.

शेजारीण वाटी घेऊन येते. वहिनी, जरा विरजण द्या ना. आपण चमचाभर दही देतो. तिच्याकडे रात्रीत पातेलंभर दही लागतं. आपलं दही काही संपत नाही, उद्या पुन्हा लावतो. म्हणजे दिलंही आणि आपल्याकडेही राहिलं. विरजणातही जिवाणूच असतात हे तुम्हाला माहीत आहेच. पण आता अशी कल्पना करा की हे जिवाणू स्वतःच एकमेकांना असं विरजण देतात.

झालं असं की जिवाणूंचे संकर करताना एस्थरला दिसलं, काही वाणांची जोडी जुळवली तर काहीच निष्पन्न होत नाही. वांझच म्हणा ना. सगळे वाण एकाच के-१२चे, मग काही जुळतात आणि काही नाहीत, असं का? पुढची गंमत अशी, की वांझ जिवाणू चांगल्या जिवाणूंबरोबर एका नळीत थोडा वेळ वाढवले, तर तेही फलदायी व्हायचे. संसर्ग व्हावा तशी ही क्षमता एकाकडून दुसऱ्याला लागत होती. आईकडून लेकीला नव्हे, शेजारणीकडून शेजारणीला! काहीतरी सुटी वस्तू इकडून तिकडे जात होती. तिला एफ घटक हे नाव मिळालं. एफ म्हणजे फर्टिलिटीतला एफ. इटलीचे काव्हाली आणि लेडरबर्ग पती-पत्नी अशा तिघांच्या नावाने १९५२ मध्ये तो निबंध आला. त्याच सुमाराला लंडनमध्ये विल्यम हेज हेही स्वतंत्रपणे तिथे पोचले होते. हे हेज दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून आपल्या भारतात होते.

त्याच वर्षी जोशुआने अशा सुट्या डीएनएला प्लाझ्मिड हे नाव दिलं. जिवाणूचं मुख्य डीएनए असतं, त्याशिवाय हे छोटंसं वाटोळं कडं. बांगडीसारखं. मुख्य डीएनए म्हणजे घरातली पिढीजात पोथी धरली, तर प्लाझ्मिड म्हणजे स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकवलेली पाककृतींची छोटी वही. रोजचं तिच्यावाचून अडत नाही. पाहुणे आले की तीच कामाला येते.

ही वही दुसऱ्याला देतात कशी? ज्याच्याकडे एफ आहे तो जिवाणू केसासारखा बारीक धागा बाहेर काढतो, शेजाऱ्याला चिकटवतो आणि जवळ ओढतो. मग कड्याची दोन पदरी दोरी एका ठरावीक जागी कापली जाते आणि एक पदर हळूहळू पलीकडे सरकतो. दोन्हीकडे राहिलेल्या एकेरी पदरावरून दुसरा पदर नव्याने तयार होतो. काही मिनिटांचा खेळ. शेवटी दोघांकडेही पूर्ण कडं असतं. विरजणच हे.

तिसरं काम मखमलीचं. आधी बशी कशी असते ते सांगते. सपाट काचेच्या बशीत चायना ग्राससारखी घट्ट जेली असते, त्यात जंतूंचा खुराक. त्यावर जंतू पसरले की रात्रभरात ठिपके उमटतात. एकेक ठिपका म्हणजे एकेका जंतूचं लाखोंचं कुटुंब. आता यातला कोणता ठिपका कोणत्या औषधाला दाद देत नाही हे पाहायचं, तर एकेक टोचून दुसऱ्या बशीत न्यायचा. शेकडो ठिपके, दहा-दहा बशा. डोळे फुटायची वेळ.

एस्थरला वाटलं, हा शिक्क्यासारखा एकदम उचलता आला तर? सांगतात की तिने आधी आपल्या पावडरच्या डबीतला पफ वापरून पाहिला. मग ती कापडाच्या दुकानात गेली आणि कोणत्या मखमलीची लव किती उभी, किती दाट, हे पाहत कापड निवडलं. निर्जंतुक केलेली मखमल गोल ठोकळ्यावर ताणून बसवायची. मूळ बशी तिच्यावर अलगद दाबायची. लवेच्या टोकांवर सगळे ठिपके जसेच्या तसे उमटतात. मग त्यावर कोऱ्या बशा एकामागून एक दाबायच्या. लहानपणी वडिलांच्या छापखान्यात तिने कागदावर कागद छापून निघताना पाहिले असतील. मला तर वाटतं हे तिथूनच आलं. आणि ज्या बाईने कधी कापड हातात घेऊन पारखलेलंच नाही, तिला मखमल सुचली असती का? सुईसुद्धा न धरणाऱ्या पुरुषाला तर नाहीच. हे आपलं माझं मत.

पण नुसती सोय म्हणून या युक्तीचं मोल नाही. त्या वेळी मोठा वाद होता. औषध दिल्यामुळे जंतू औषधाला पचवायला शिकतात, की काही मोजके जंतू आधीपासूनच तसे असतात? लेडरबर्ग दांपत्याने स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या बशीवर छाप घेतला. जवळजवळ सगळे मेले, एखादाच ठिपका उगवला. मग मूळ बशीवर त्याच जागेचे जंतू उचलले. या जंतूंनी औषधाचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्यातून पुन्हा पुन्हा निवड करत गेल्यावर शेवटी औषधाला दाद न देणारे जंतू शुद्ध स्वरूपात मिळाले. म्हणजे ते आधीपासूनच होते. औषध फक्त बाकीच्यांना मारून त्यांना मैदान मोकळं करून देतं. मनाला येईल तेव्हा अँटिबायोटिक का घेऊ नये, हे विचारणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी ही बशीच दाखवत असे.

१९५६ साली इलिनॉयच्या जिवाणूशास्त्रज्ञांच्या संस्थेने पाश्चरच्या नावाचा पुरस्कार दोघांना मिळून दिला. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, नोबेल आलं. अर्धं जोशुआला, अर्धं टेटम आणि बीडल यांना. एस्थरच्या ओळखीचे तिघेही. जोशुआ तेव्हा तेहेतीस वर्षांचा. आपल्या व्याख्यानात त्याने सहकाऱ्यांबरोबर बायकोचाही आवर्जून उल्लेख केला. समारंभाला ती गेली ती नोबेलविजेत्याची पत्नी म्हणून.

आता इथे मला घाईने कुणाला खलनायक करायचं नाही. जिवाणूंमधली देवाणघेवाण जोशुआने लग्नाच्या आधीच शोधली होती आणि नोबेल मुख्यतः त्यासाठी होतं. ते त्याचं होतंच. पण नंतरच्या दहा वर्षांत त्या प्रयोगशाळेतून जे बाहेर पडलं, त्यात बोटं कुणाची होती? प्रयोगशाळेत तिचा हात फार नेटका होता, असं तिच्याबरोबर काम केलेले लोक सांगत. तो कल्पनांचा धनी, ती हाताची. आपल्याकडे म्हणतात ना, दुकान दोघांचं, पाटी एकाची. लॅम्डा तर निखळ तिचाच, त्यावर १९५१ साली नाव एकटीचं आहे. तरीही नाव निघायचं ते लेडरबर्गचं, आणि लेडरबर्ग म्हटलं की डोळ्यांसमोर जोशुआ.

१९५९ मध्ये दोघं स्टॅनफर्डला आले. जोशुआ नव्या अनुवंशशास्त्र विभागाचा प्रमुख झाला. एस्थरच्या वाट्याला आलं संशोधकाचं पद, कायमपणाची हमी नसलेलं. तिने आणि आणखी दोन स्त्रियांनी मिळून वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीनकडे अर्ज केला, की इथे शिकवणाऱ्यांत बायका का नाहीत? त्यानंतर तिला वरचं पद मिळालं, पण कायम नाहीच. लॅम्डा शोधणारी बाई, आणि दर काही वर्षांनी अनुदान आलं तरच पगार, अशी गत.

१९६६ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. वीस वर्षांचा संसार, मूलबाळ नव्हतं. कारणं त्यांची त्यांना ठाऊक, आपण त्यात शिरायला नको. पण एवढं समजा, की तो घरातून गेला तेव्हा तिच्या कामाचा अर्धा पत्ताही गेला. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर ती एकटी होती. लेडरबर्ग हे आडनाव तिने ठेवलं. सगळे निबंध त्याच नावावर होते, दुसरं करणार तरी काय? १९७४ मध्ये तर तिचं पद आणखी खाली सरकलं.

इकडे प्लाझ्मिडचा मामला वेगळ्याच वळणावर गेला होता. जपानमध्ये युद्धानंतर रक्ती हगवणीचा फार कहर होता. नवी औषधं आली, आजार आटोक्यात आला, आणि १९५५ च्या पुढे असे जंतू मिळू लागले, जे एकाच वेळी तीन-चार औषधांना जुमानत नव्हते. एका औषधाविरुद्ध बदल समजू शकतो, चारही औषधांविरुद्ध एकदम कसा? डॉक्टरांना आणखी एक कोडं पडलं. एकाच रोग्याच्या पोटातले हगवणीचे जंतू औषधांना दाद देत नाहीत, आणि त्याच पोटातले साधे ई. कोलायही देत नाहीत. जंतूंच्या जाती वेगळ्या, कवचकुंडलं तीच. १९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा या दोन जपानी संशोधकांनी, दोघांनी वेगवेगळं, दाखवलं की हे गुण एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे जातात. नळीत दोन्ही जंतू एकत्र ठेवले की पुरे. त्याच सालच्या लंडनमधल्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या साल्मोनेलाच्या साथीवरून नाओमी दत्ता यांनी तेच शोधलं. त्यांचा निबंध १९६२ चा. पहिली साथ झाली तेव्हा जंतू औषधांना भीत होते, साथ रेंगाळली तशी त्यांची भीड चेपली. मधल्या काळात त्यांना कुठून तरी वही मिळाली होती.

एस्थरने शोधलेल्या एफसारखंच कडं, फक्त त्यावर आता औषधांविरुद्धच्या युक्त्या लिहिलेल्या. एकाच वहीत चार पाककृती. आणि ही वही फक्त आपल्या जातवाल्यांना द्यायची असं बंधन नाही. ई. कोलायकडून हगवणीच्या जंतूला, त्याच्याकडून साल्मोनेलाला. १९६९ मध्ये बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात भाजलेल्या रोग्यांच्या जखमांतून असं एक प्लाझ्मिड मिळालं, जे अगदी दूरच्या जंतूंच्या घरीही सुखाने राहतं. आपण सोयरीक करताना किती बघतो! जंतू काहीच बघत नाहीत.

आणि हे आपल्या दारापर्यंत आलेलं आहे. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रोग्याच्या शरीरात असा जंतू मिळाला, ज्याच्यावर सगळ्यात राखून ठेवलेली औषधंही चालत नव्हती. आधी तो दिल्लीत उपचार घेऊन गेला होता. २००९ मध्ये निबंध आला आणि त्या जनुकाला एनडीएम-१ नाव मिळालं, त्यातलं एनडी म्हणजे न्यू दिल्ली. नावावरून आपल्याकडे केवढा गहजब झाला ते आठवत असेल. पण त्या निबंधातली खरी काळजीची गोष्ट वेगळी होती. त्या रोग्याच्या लघवीत मिळाला तो क्लेबसिएला, आणि त्याच्याच शौचात मिळाला तो ई. कोलाय. दोन जाती, जनुक एकच. पोटातल्या पोटात वाटी फिरली होती.

म्हणून गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली की ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. सर्दीला, तापाला शेजारच्या घरातल्या उरलेल्या कॅप्सूल आणायच्या नाहीत, आपल्या उरलेल्या जाऊबाईंना द्यायच्या नाहीत. आपल्या पोटातल्या बिचाऱ्या निरुपद्रवी जंतूंना आपण विनाकारण शस्त्रं पारखायला बसवतो, आणि उद्या कुणी खरा शत्रू आला की ते त्याला उधार देतात. २०१९ मध्ये आपल्या सरकारने कोलिस्टिन नावाचं औषध कोंबड्यांना आणि इतर जनावरांना द्यायला बंदी केली ती याच कारणासाठी. चीनमध्ये डुकरांत आणि माणसांत त्याला दाद न देणारं प्लाझ्मिड २०१५ मध्ये सापडलं होतं.

तर एस्थरकडे परत येऊ. १९७०च्या पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत प्लाझ्मिडं धडाधड सापडायला लागली, आणि ज्याने त्याने आपापलं नाव द्यायला सुरुवात केली. एकाच नावाची दोन, एकालाच तीन नावं. गोंधळात गोंधळ. आपल्या गावात चार सुनीताताई असल्या की कोण कुणाविषयी बोलतंय कळत नाही, तसं. १९७६ मध्ये नामकरणाचे नियम ठरले आणि स्टॅनफर्डला प्लाझ्मिड संदर्भ केंद्र सुरू झालं. त्याची संचालक एस्थर. १९८६ पर्यंत तिने ते चालवलं.

हे काम दिसायला कारकुनी. कुणी पत्र पाठवायचं, आम्हाला नवं प्लाझ्मिड मिळालंय, अक्षरं द्या. ती नोंदवहीत पाहून मोकळी असलेली अक्षरं द्यायची. एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर उड्या मारणारे जनुकांचे तुकडे असतात, त्यांचे क्रमांकही तीच द्यायची. नमुने जपायचे, मागेल त्याला पाठवायचे. कुणी याला मानाचं काम म्हणणार नाही. पण ज्या घरात मसाल्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावलेल्या असतात, त्या घरात स्वयंपाक चालतो. हंगेरीतल्या माणसाने जे प्लाझ्मिड म्हटलं तेच जपानमधला माणूस म्हणतोय, याची खात्री नसती, तर औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा माग कुणी काढला असता?

या प्लाझ्मिडांची चांगली बाजूही याच काळात उजेडात आली. १९७३ मध्ये स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका प्लाझ्मिडमध्ये परका डीएनए जोडून तो ई. कोलायमध्ये घालून दाखवला. पुढे १९७८ मध्ये त्याच पद्धतीने जिवाणूंकडून माणसाचं इन्शुलिन तयार करवलं गेलं आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. तोवर इन्शुलिन डुकरांच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढत. आज घरोघरी फ्रिजच्या दारात आजीच्या इन्शुलिनची कुपी असते. ती ज्या रस्त्याने आली, त्याची पहिली पायवाट विस्कॉन्सिनच्या त्या वांझ नळीतून जाते.

१९८५ मध्ये एस्थर निवृत्त झाली, पण केंद्रात जाणं काही थांबलं नाही. बिनपगारी जात राहिली. पगाराच्या दिवसांत तरी कुठे फार मिळत होतं!

नुसतं कामच होतं का तिच्या आयुष्यात? मुळीच नाही. तिला बासरीच्या जातीचं एक जुनं युरोपीय वाद्य फार आवडायचं, रेकॉर्डर नावाचं. तोंडाशी सरळ धरून वाजवतात. १९६२ मध्ये, म्हणजे नवऱ्याच्या नोबेलनंतर चारच वर्षांनी, तिने स्टॅनफर्डच्या परिसरात रेकॉर्डर वाजवणाऱ्यांचा एक वाद्यवृंद उभा केला. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचं संगीत ते मंडळी वाजवत. डिकन्स आणि जेन ऑस्टिन यांच्या वाचकमंडळांतही ती जायची. फ्रेंच किंवा साहित्य घ्यायचं राहून गेलं होतं ना, ते असं भरून काढलं.

जुन्या संगीताच्या या नादातूनच १९८९ मध्ये तिची ओळख मॅथ्यू सायमन यांच्याशी झाली. १९९३ मध्ये दोघांनी लग्न केलं. नवरी सत्तर वर्षांची! मला ही तारीख वाचून फार बरं वाटलं होतं. तिच्या मागे तिचे फोटो, टिपणं, प्रयोगशाळेतली कागदपत्रं एकत्र करून लोकांपुढे ठेवली ती याच गृहस्थांनी. म्हणूनच तुम्हाला हे सगळं मी सांगू शकते आहे.

११ नोव्हेंबर २००६ रोजी स्टॅनफर्डला न्यूमोनिया आणि हृदयविकाराने एस्थर गेली. वय त्र्याऐंशी. सव्वा वर्षाने, फेब्रुवारी २००८ मध्ये, जोशुआही गेला.

शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकल घेताना मी फळ्यावर पूर्ण नावं लिहिली. एस्थर लेडरबर्ग आधी, जोशुआ लेडरबर्ग नंतर. एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, मॅडम, पुस्तकात उलटं आहे. मी म्हटलं, असू दे. मग आम्ही मखमल कुकरमधून काढली, ठोकळ्यावर ताणली आणि बशी दाबली.